शिमगा ते महाराष्ट्र दिन: नव्या गुरुजी-बाईंसाठी गाव आणि शाळा

पवित्र पोर्टलवरून, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावरून, निवड होऊन आलेल्या शिक्षणसेवकाच्या वाट्याला बहुधा वाडीवरची शाळा येते. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, तीस-पस्तीसचा पट, एक स्वयंपाकी ताई आणि रोज मागवल्या जाणाऱ्या माहितीचे तक्ते. जून ते जानेवारी कसेबसे निघतात. फेब्रुवारी उजाडला की कुणीतरी अनुभवी माणूस सांगतो, "आता काय राहिलं, परीक्षा आणि सुट्टी." ते ऐकू नका. पुढच्या जूनमध्ये पहिलीच्या वर्गात किती मुलं बसणार, गळकं छप्पर पावसाआधी दुरुस्त होणार की नाही, आणि गावातली माणसं शाळेकडे 'आपली' म्हणून बघणार की 'सरकारी' म्हणून, हे सगळं फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत ठरतं.

हा काळ कसा वापरायचा ते पुढे क्रमानं लिहिलं आहे. सगळंच करायला हवं असं नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत तर नाहीच. पण पाडव्याची तयारी आणि हिशेबाचा भाग मात्र वगळू नका.

१. आधी गावाचं कॅलेंडर लिहून काढा

शाळेचं वार्षिक नियोजन तुमच्याकडे असतंच. गावाचं नसतं. एक कोरा कागद घ्या, त्यावर फेब्रुवारी ते मेचे आठवडे आखा आणि स्वयंपाकी ताई, अंगणवाडी ताई, दूध डेअरीवरचा माणूस या तिघांना विचारत तो भरा. ज्वारीची काढणी कधी, हरभरा आणि गहू कधी, आठवडी बाजाराचा वार कोणता, यात्रा कधी, लग्नाच्या तिथी कोणत्या, टँकर साधारण कधी सुरू होतो.

प्रत्येक भागाचा कागद वेगळा निघेल. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे फेब्रुवारी-मार्च म्हणजे रब्बीची सुगी. त्या दिवसांत सकाळी अकराला पालकसभा ठेवली तर रिकाम्या सतरंज्यांसमोर भाषण करावं लागतं. कोकणात शिमग्याला मुंबईचे चाकरमानी येतात, पालखी घरोघरी फिरते आणि त्या आठवड्यात मुलं शाळेत कमी, सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या जागेवर, जास्त असतात. पण वर्षभर न भेटणारे माजी विद्यार्थी तेव्हाच गावात असतात. मग शाळेची बैठक त्यांच्या मुक्कामात का ठेवू नये? नंदुरबारच्या सातपुड्यात होळी हा वर्षातला सर्वांत मोठा सण. त्याआधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात, आणि तेव्हा हजेरीपटाशी भांडण्यात अर्थ नसतो. कोल्हापूर-साताऱ्याकडे चैत्र पौर्णिमेला अनेक घरं जोतिबाला जातात. बीड, अहिल्यानगरच्या ऊसतोड करणाऱ्या तालुक्यांत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये परततात, म्हणजे तुमचा पट अचानक जिवंत होतो.

वेळ सभेपुरती तरी गावाच्या सोयीची ठेवा. संध्याकाळचं दूध घालून झाल्यावर, साधारण साडेसात-आठला, देवळासमोर किंवा शाळेच्या ओट्यावर. बायका मात्र त्या वेळी चुलीपाशी असतात. त्यांना वेगळं बोलावण्यापेक्षा बचत गटाच्या महिन्याच्या बैठकीत तुम्हीच दहा मिनिटं मागून घ्या. तिथं आधीच सगळ्या जमलेल्या असतात आणि मोकळं बोलतात.

२. समितीची बैठक: मागणी नेमकी हवी

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य महिला. महाराष्ट्रात समिती १२ ते १६ जणांची असते आणि मुख्याध्यापक तिचा सचिव असतो. शाळा विकास आराखडा तयार करणं हे कलम २२ नं याच समितीवर सोपवलेलं काम. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही पाहिलं असेलच: अजेंड्याची वही घरोघरी फिरते, सह्या होतात, इतिवृत्त नंतर लिहिलं जातं.

फेब्रुवारीची बैठक तरी खरी घ्या. त्यासाठी एक कागद पुरतो. डाव्या बाजूला शाळेच्या गरजा लिहा, पण 'भौतिक सुविधा' अशा सरकारी भाषेत नको. 'मुलींच्या शौचालयाच्या दाराची कडी', 'दुसरीच्या खोलीची दोन कौलं', 'हात धुवायच्या नळाला तोटी', 'मैदानाच्या कडेची काटेरी झुडपं' असं लिहा. उजव्या बाजूला गावातल्या हातांची यादी करा: गवंडी कोण, वेल्डिंग कोण करतं, वायरमन, सुतार, ट्रॅक्टरवाला, शिवणकाम करणारी, भजनात पखवाज वाजवणारा, झाडपाला ओळखणारी आजी.

मग बैठकीत डाव्या आणि उजव्या बाजूच्या रेघा जोडायच्या. "तात्या, शनिवारी सकाळी दोन तास याल का? दाराला कडी बसवायची आहे, सामान आणून ठेवतो," असं म्हटलं की तात्या नाही म्हणत नाहीत. "गावानं शाळेसाठी काहीतरी करायला हवं" असं म्हटलं की सगळे माना डोलवतात आणि उठून जातात. गावानं शाळेला केलेल्या मदतीला पश्चिम महाराष्ट्रात 'शैक्षणिक उठाव' म्हणतात आणि त्याचे आकडे वरच्या कार्यालयात मागवले जातात. त्या आकड्यांमुळे आपण नकळत पैशाच्याच मागे लागतो. माझं मत असं की पहिल्या वर्षी नव्या शिक्षकानं पैसे मागूच नयेत. वेळ आणि कसब मागावं. ज्यानं स्वतःच्या हातानं कडी बसवली, तो ती तुटली तर पुढच्या वर्षी स्वतः सांगत येतो.

बोलावलेला माणूस आला नाही तर रागावू नका. सुगी आहे. दुसरी तारीख मागा.

३. फेब्रुवारी: दिनविशेषांची गर्दी आणि बालबाजार

१९ फेब्रुवारीला शिवजयंती, २३ ला गाडगेबाबांची जयंती, २७ ला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, २८ ला रामन परिणामाच्या १९२८ मधल्या शोधाची आठवण म्हणून विज्ञान दिन. प्रत्येकाचा फोटो आणि अहवाल वर पाठवावा लागतो. सगळ्यांना सारखं महत्त्व दिलं तर महिनाभर नुसते हार आणि फोटो. दोन निवडा आणि ते नीट करा. २७ तारखेला गावातल्या वयस्कर बायकांना बोलावून जात्यावरच्या ओव्या, उखाणे, कोडी म्हणायला लावा आणि चौथीच्या मुलांनी त्या तिथंच लिहून घ्यायच्या. एवढ्यात लेखन, श्रवण आणि गाव तिन्ही येतात. बाकीच्या दिवसांना परिपाठात पाच मिनिटं पुरतात.

स्नेहसंमेलन, म्हणजे गॅदरिंग, याच सुमारास असतं. त्याबद्दल थोडकंच सांगतो. प्रत्येक मूल रंगमंचावर यायला हवं, भाड्याच्या ड्रेसपेक्षा आईची साडी चांगली, लेझीम, भारूड आणि पोवाड्याला जागा ठेवा, आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून आधी काढून रात्री दहाच्या आत आवाज बंद करा. गाण्यावर बक्षिसाच्या नोटा येतात, माइकवर नावं पुकारली जातात. तिथं एक पालक वही घेऊन बसवा. त्या वहीबद्दल पुढे लिहिलंय.

बालबाजारावर, म्हणजे मुलांनी स्वतः दुकानं मांडायच्या बाजारावर, मात्र जरा थांबू, कारण गणित शिकवण्याचा इतका चांगला दिवस वर्षात दुसरा नाही आणि तो अनेक ठिकाणी वाया जातो.

फेब्रुवारीत मालाला तोटा नसतो. बोरं, चिंचा, ओला हरभरा, मेथी, कोथिंबीर, पेरू, उकडलेल्या शेंगा, कुठं हुरडा. आठवडाभर आधी पालकांना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, भांडवल पन्नास ते शंभर रुपयांच्या आत. नाहीतर एखादा बाप मुलासाठी पावभाजीचा गाडाच उभा करतो आणि शेजारची पोर मेथीच्या चार जुड्या घेऊन हिरमुसते. दोन, पाकीटबंद खाऊ चालणार नाही. तीन, सगळा व्यवहार रोखीनं. आता लोक सवयीनं मोबाइल पुढे करतात, पण स्कॅन केलं तर मोड कोण परत देणार आणि वजाबाकी कोण शिकणार? सुट्या पैशांची तयारी आधी करा. किराणा दुकानदाराकडून दहा-पाचची नाणी बदलून घ्या.

जागा मैदानातच आणि वेळ दुपारनंतरची ठेवा. म्हणजे त्या दिवशीचा पोषण आहार चुकत नाही, तो कुठल्याही कार्यक्रमासाठी बंद ठेवू नका. तिसरी-चौथीच्या मुलांना दुकानं द्या. पहिली-दुसरीला वीस रुपयांत तीन वस्तू आणण्याचं गिऱ्हाईक करा. तराजू खरा आणा, वजनं हाताळू द्या. आयांना आवर्जून सांगा, की मुलाच्या मागं उभं राहून भाव करायचा नाही. हे त्यांना फार जड जातं.

खरा धडा दुसऱ्या दिवशी सकाळी होतो. प्रत्येकानं आपापला हिशेब मांडायचा: माल कितीचा, विकला कितीला, उरला किती, घरच्यांनी खाल्ला किती. घरच्या शेतातली मेथी फुकट धरायची की नाही, यावर चौथीत जोरदार वाद होतो. होऊ द्या. नफा-तोट्याची उदाहरणं त्यानंतर आपोआप सुटतात.

४. शिमगा, पळस आणि सावर

परिसर अभ्यासाचं पुस्तक मार्चमध्ये मिटून ठेवलं तरी चालेल, कारण परिसरच फुललेला असतो. पळस, पांगारा आणि काटेसावर पानं गाळून फुलतात. त्यामुळे मैना, बुलबुल, शिंजीर फुलांवर आलेले लांबूनही दिसतात. वर्गाला एक झाड दत्तक द्या. दर सोमवारी पाच मिनिटं तिथं उभं राहायचं आणि वहीत एक ओळ लिहायची: फुलं आली, फुलं गळली, शेंग धरली, नवं पान फुटलं. एप्रिलअखेर त्या ओळी सलग वाचून दाखवा.

होळीच्या आधल्या दिवशी रंग करायचे असतील तर पळसाची गळून पडलेली फुलं गोळा करायला सांगा. फांद्या तोडायच्या नाहीत. कढत पाण्यात रात्रभर भिजवली की सकाळी केशरी-पिवळं पाणी तयार होतं. हळद आणि बीट हे आणखी दोन सोपे रंग. पाण्याची टंचाई असलेल्या गावात रंगाचं पाणी न करता कोरडा टिळाच लावा. होळीसाठी झाड तोडू नये हे मुलांना जरूर सांगा. पण गावच्या होळीवर भाषण देऊ नका. बाहेरून आलेल्या शिक्षकानं पहिल्याच वर्षी सणावर टीका केली की पुढच्या सगळ्या बैठका थंड होतात. शाळेत पालापाचोळ्याची छोटी होळी करा, तिची राख परसबागेत टाका. मुलं घरी जाऊन काय सांगायचं ते सांगतील.

पक्ष्यांसाठी पाणी हा सगळ्या शाळांचा ठरलेला उपक्रम. बाटल्या कापून टांगण्यापेक्षा कुंभाराकडचे पसरट परळ सावलीत ठेवा, त्यात एक दगड ठेवा आणि रोज पाणी बदलण्याची पाळी लावा. पाळी लावली नाही तर फोटोनंतर आठवड्यात परळ कोरडे पडतात.

पत्रावळी लावायला शिकवणारी एखादी आजी किंवा आजोबा गावात अजून सापडतात. त्यांना आता बोलावू नका, एप्रिलच्या शेवटी बोलावा. तोवर पळसाला नवी पानं आलेली असतात.

५. पाडवा: पहिलीचा पट

गुढीपाडव्याला नवीन मुलांची नावं नोंदवायची पद्धत आता राज्यभर रुजली आहे. सुट्टीचा दिवस असतो म्हणून काही शिक्षक कुरकुरतात, त्यांचंही अगदीच चुकीचं नाही. तरी हा दिवस सोडू नका. घराघरात गोडधोड असतं, माणसं घरी सापडतात, आणि नव्या कामाला हाच मुहूर्त धरायची रीत आहे.

पण पाडव्याच्या दिवशी निघालेली प्रभातफेरी हा शेवटचा भाग. काम महिनाभर आधी सुरू होतं.

अंगणवाडी ताईंकडं बसा. गावात जन्मलेल्या प्रत्येक मुलाची नोंद त्यांच्या रजिस्टरला असते, आणि कोणतं मूल मामाकडं राहतंय, कोणतं वीटभट्टीवर गेलंय, हेही त्यांनाच ठाऊक असतं. येत्या ३१ डिसेंबरपर्यंत ज्यांची सहा वर्षं पूर्ण होतात, ती मुलं यंदाच्या जूनमध्ये पहिलीला पात्र. यादी करून त्यासमोर घराचा पत्ता नको, आईचं नाव लिहा. प्रवेशाचा निर्णय बहुतेक घरांत तीच घेते, निदान अडवते तरी.

मग गृहभेटी. प्रचाराला आल्यासारखे चौघं जण जाऊ नका. तुम्ही आणि समितीतली एक आई एवढे पुरे. पहिल्या भेटीत प्रवेशाचा विषयच काढू नका, मुलाशी खेळा. दुसऱ्या भेटीत कागदपत्रांचं सांगा. जन्माचा दाखला आणि आधार असेल तर काम सोपं होतं. पण वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. दुसऱ्या शाळेतून येणाऱ्या मुलाचा दाखला उशिरा आला तरी कलम ५ प्रमाणे प्रवेश अडवता येत नाही. पालावर, भट्टीवर, मेंढपाळांच्या वाड्यावर जाल तेव्हा हे आधी सांगा. कागद मागितले जातील या भीतीनंच ती माणसं शाळेकडं फिरकत नाहीत.

खासगी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी तुमच्या वाडीत येत असेल. तिची निंदा करू नका. ज्यांची मुलं त्या गाडीत बसतात, त्यांनी त्यासाठी पदरचे पैसे मोडलेत, निंदा त्यांना लागते. त्याऐवजी तुमच्या दुसरीतल्या मुलाला सोबत न्या आणि त्या घरात जे काही छापील सापडेल ते वाचायला लावा: खताची पिशवी, लग्नपत्रिका, वर्तमानपत्र. दुसरीतलं पोर लग्नपत्रिका घडाघडा वाचतं, तेव्हा आजोबा सुनेकडं बघतात. याहून मोठा प्रचार नाही. आणि तुमच्या दुसरीला अजून वाचता येत नसेल, तर बॅनर छापण्याआधी त्यावर काम करा.

पाडव्याला सकाळी शाळेत गुढी उभारा, साखरेच्या गाठी आणि कडुलिंबाचा कोवळा पाला वाटा, नोंदणी झालेल्या मुलांना समितीच्या अध्यक्षांच्या हातून पाटी किंवा चित्रकलेची वही द्या. फेटे आणि बैलगाडीतून मिरवणूक हवी तर करा, मुलांना आवडतं. सगळं दहाच्या आत आटपा. नंतर ऊन चढतं, आणि तुम्हालाही घरी जायचं असतं.

६. शाळापूर्व तयारी मेळावा

२०२२ पासून महाराष्ट्रात 'पहिले पाऊल' या नावानं हा मेळावा होतो. पहिला एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना. सात टेबलं किंवा कोपरे असतात: नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांशी बोलणं व साहित्य देणं. प्रत्येक टेबलावर मूल काही कृती करतं: दोरीवर चालणं, कागद कापणं, वस्तूंचं वर्गीकरण, चित्र पाहून बोलणं, खडे मोजणं. त्याच्या विकासपत्रावर नोंद होते.

नव्या शिक्षकाकडून इथं एक गोष्ट हमखास निसटते. विकासपत्र म्हणजे परीक्षेचा निकाल नव्हे, हे आईला तोंडानं सांगावं लागतं. नाहीतर "मदतीनं करतो" अशी खूण पाहून ती तिथंच मुलाला दटावते. टेबलं शिक्षकांनी न चालवता चौथीची मुलं, तरुण मंडळाची पोरं आणि सुशिक्षित सुना यांना द्या. आदल्या दिवशी तासभर सराव पुरतो. तुम्ही स्वतः सातव्या टेबलावर बसा.

मेळाव्यानंतर वस्तीनिहाय माता गट तयार होतात. पाच-सहा आया, त्यातली एक प्रमुख, आणि आठवड्याला मोबाइलवर किंवा कार्डावर एक कृती. कृती साध्या असतात: भाकरी मोजणं, डाळ-तांदूळ वेगळे करणं, दारातल्या वस्तूंची नावं सांगणं. गट टिकवायचा असेल तर प्रमुख निवडताना सर्वांत शिकलेली बाई शोधू नका, जिच्या ओट्यावर बायका आपोआप बसतात तिला निवडा.

७. सकाळची शाळा आणि एप्रिल

उन्हाळ्यात शाळा सकाळची होते. आता एप्रिल पूर्वीसारखा मोकळा राहिलेला नाही. २०२५ साली राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं पहिली ते नववीच्या परीक्षांना एकच वेळापत्रक लावलं आणि पेपर २५ एप्रिलपर्यंत गेले. त्यामुळे मोठे कार्यक्रम मार्चमध्येच उरका, एप्रिलमध्ये छोटे आणि संध्याकाळचे ठेवा.

संध्याकाळी करण्यासारखं सर्वांत उत्तम काम म्हणजे चावडी वाचन. पारावर किंवा देवळात दिवाबत्तीनंतर मुलांनी लोकांसमोर वाचायचं, लोकांनी तोंडी हिशेब घालायचे. यात गाव फार रमतं. मात्र कुणाला काय वाचायला द्यायचं हे आधी ठरवून ठेवा. जो शब्द वाचतो त्याला शब्दकार्ड, जो वाक्य वाचतो त्याला गोष्ट. चारचौघांत अडखळलेलं मूल पुढचे चार महिने पुस्तक उघडत नाही. मुलांचं झाल्यावर एखाद्या म्हाताऱ्याला गोष्ट सांगायला लावा.

११ एप्रिलला महात्मा फुले आणि १४ ला डॉ. आंबेडकर यांची जयंती. गावात मिरवणुकीची तयारी चालू असते, शाळेनं त्यातलं वाचनाचं अंग उचलावं. फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं निवेदन देऊन बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली होती. हे चौथीच्या मुलीनं आपल्या शब्दांत पारावर सांगितलं तर पटनोंदणीचं राहिलेलं कामही पुढं सरकतं.

ऊसतोडीहून परतलेली मुलं याच दिवसांत दारात उभी राहतात. ती शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या शिक्षणाची नोंद सोबत नेणारं कार्ड, घेऊन आली असतील तर त्यावरची हजेरी धरा. नसतील तरी वयानुसार वर्गात बसवा. बाकीची मुलं परीक्षेच्या गडबडीत असतात, तेव्हा या मुलांना रोज अर्धा तास वेगळं वाचायला घ्यायला गावातल्या बारावी झालेल्या मुलींना सांगा. त्यांची परीक्षा संपलेली असते आणि निकालाला वेळ असतो.

८. पैसा आला तर

मागितला नाही तरी येतो. गॅदरिंगचं बक्षीस, यात्रा समितीची शिल्लक, मुंबई-पुण्याला नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची देणगी, कुणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ पंखा. इथं सैल राहिलात तर चार महिन्यांची कमाई एका अफवेत जाते.

रोख रक्कम स्वतःच्या खिशात किंवा स्वतःच्या मोबाइलवर घेऊ नका. पावती फाडा आणि रक्कम समितीच्या खात्यात भरा. अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांच्या सह्यांशिवाय खर्च करू नका. वस्तू आली तर साठा नोंदवहीत चढवा. गॅदरिंगच्या वहीची बेरीज दुसऱ्याच दिवशी करून, कोणाकडून किती आणि खर्च कशावर, हे मोठ्या अक्षरात शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर लिहा. व्हॉट्सॲप गटावर टाकणं पुरेसं नाही. ज्यानं अकरा रुपये दिले तो गटावर नसतो, आणि त्याचंही नाव फळ्यावर हवं.

प्रवेशाशी देणगी कधीही जोडू नका. कायद्याचं कलम १३ तसं करायला मनाई करतं. वाढदिवसाला किंवा पुण्यतिथीला कुणी मुलांना जेवण देऊ इच्छित असेल तर पोषण आहार योजनेत तिथी भोजनाची सोय आहे. बाहेरून शिजवून आणलेलं अन्न मुलांआधी मोठ्यांनी चाखायचं, हा नियम तिथंही पाळा. आणि निवडणुकीचं वर्ष असेल तर बॅनरवर कुणाचा फोटो लावायचा हा प्रश्न येणारच. आमचं उत्तर ठरलेलं: मुलांचा.

९. १ मे आणि सुट्टीची सोय

महाराष्ट्र दिनाला सकाळी झेंडावंदन, मग निकाल, आणि गावागावांत ग्रामसभा. पालक, सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी सगळे एका जागी असणारा हा दिवस पेढे वाटण्यात घालवू नका. फेब्रुवारीतल्या त्या कागदावरच्या ज्या गरजा गावाच्या हातांनी भागल्या नाहीत, म्हणजे छप्पर, कुंपण, पाण्याची टाकी, त्यांचा अर्ज समितीच्या ठरावासह ग्रामसभेत द्या आणि ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात नाव चढवून घ्या. पोच घ्या. तोंडी "बघू" याला कागदावर किंमत नाही.

निकालपत्रक देताना प्रत्येक पालकाला मुलाच्या एका जमेच्या बाजूबद्दल दोन वाक्यं बोला. गुण ते वाचतातच.

सुट्टीसाठी मुलांना वह्या भरण्याचा अभ्यास देऊ नका, बिया गोळा करायला सांगा. चिंचोके घरोघरी पडलेले असतात. करंजाच्या शेंगा वाळतात, बहाव्याच्या लांब शेंगा वाजू लागतात, पळसपापड्या मेमध्ये गळतात. वाळवून कापडी पिशवीत ठेवायच्या. चिंचोके पेरण्याआधी रात्रभर भिजवायचे. बहाव्याची बी कठीण कवचाची, ती घासून किंवा गरम पाण्यात घालून मगच लावायची. निंबोळ्या जून-जुलैमध्ये पिकतात आणि त्यांची रुजायची ताकद थोड्याच दिवसांत जाते, म्हणून त्या साठवायच्या नाहीत, मिळाल्या की लगेच पेरायच्या.

मागच्या पावसाळ्यात लावलेली रोपं मे महिन्यात मरतात, दरवर्षी. त्यावर पाटी लावून उपयोग नाही. शाळेजवळच्या पाच-सहा घरांना प्रत्येकी दोन रोपं वाटून द्या, बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन करा आणि बुडात बारीक छिद्र पाडलेलं जुनं मडकं मुळाजवळ पुरून द्या. घरातलं भांडी धुतलेलं पाणी दोन दिवसांआड त्यात ओतलं तरी रोप तगतं. परसबागेत उन्हाळ्यात तांदुळजा आणि अंबाडी यांच्यापलीकडे फार काही टिकत नाही, शेवगा असेल तर त्याला जपा.

किल्ली कुणाकडं ठेवायची ते ठरवून जा. तरुण मंडळाला मैदान आणि ग्रंथालयाचं कपाट सुट्टीत वापरू द्यायचं असेल तर समितीच्या ठरावानं द्या, पुस्तकांची यादी सही घेऊन सोपवा. मे महिन्यातलं एखादं लग्न शाळेच्या आवारात होईलच. मांडवाचे खड्डे बुजवून, नळ बंद करून आणि मागचं आवार झाडून द्यायचं, एवढी अट आधीच घाला.

सुट्टी लागण्यापूर्वी अंगणवाडी ताईंसोबत यादी पुन्हा एकदा तपासा: नाव नोंदवलेली किती, कागद राहिलेली किती, गाव सोडून जाणारी किती. त्यातल्या दोन-तीन घरांना जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन करावा लागतो. ते नंबर त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा. विदर्भात असाल तर शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडते, त्याप्रमाणे फोनही पुढं ढकला.